ज्या रस्त्यानं तिनं यायला हवं होतं

लोहारा

यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागे मी खोली करून राहतो. मार्चचा पहिला आठवडा होता. सकाळी सहाला बर्फाच्या कारखान्यातून लादीचे तुकडे घेतले, थर्माकोलच्या पेटीत भरले, वर नळ्यांचा डबा ठेवला आणि पेटीला सुतळी बांधली.

"कुल्फी इकाले चालला काय बे?" कारखान्यातल्या माणसानं विचारलं.

"नाही, रक्त आणायला."

तो हसला नाही. त्यानं पेटी पुन्हा उघडायला लावली आणि आणखी दोन तुकडे टाकले.

प्रवासाबद्दल लिहायला मला संकोच वाटतो. आमच्या तांड्यातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला पार सातारा-सांगलीपर्यंत जाऊन येतात आणि त्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही. मी तर आपल्याच जिल्ह्यात एसटीनं फिरलो. पण परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "जे झालं ते क्रमानं लिहून काढ. कुठे गेलास, कोण काय बोललं, सगळं." ते त्यांच्यासाठी आधी लिहिलं. हे त्यापेक्षा मोठं आहे, आणि जे त्या रस्त्यानं कधी गेलेले नाहीत त्यांच्यासाठी आहे.

मॅडम आमच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतात. मी त्यांच्याकडे एम.एस्सी. करतो. त्याआधी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, म्हणून माझा सुईचा हात चांगला आहे. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मॅडमचं काम रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनावर आहे. फायब्रिनोजेन त्याचं नाव. ते आपल्या सगळ्यांच्या रक्तात विरघळलेलं असतं. जखम झाली की त्याचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते आणि रक्त थांबतं. हे ठीक आहे. पण काही आजारांत मेंदूच्या आणि मणक्यातल्या रक्तवाहिन्या झिरपतात, आणि हे प्रथिन जिथं जायला नको तिथं, मज्जातंतूंमध्ये उतरतं. तिथल्या पेशी त्याला पाहून बिथरतात. जिल्ह्यातली अशा आजाराची मोजकी माणसं आमच्या यादीत आहेत, आणि त्यांचं रक्त आणणं हे माझं काम. या फेरीत दोन नावं होती. राजूरचे सुरेशभाऊ, आणि ढाणकीच्या पुढच्या एका तांड्यातली कविता.

राजूर

वणीच्या स्टँडवर तर्री पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारचे आजोबा म्हणाले, "यवतमायचा दिसते." पेटी पायांत धरून ऑटोनं राजूरला गेलो. राजूरला येणाऱ्या माणसाला रस्ताच सांगतो की आपण कुठं आलो. कोळशाच्या ट्रकांमुळे कडेची बाभूळ काळी झालेली, आणि चुन्याच्या भट्ट्यांकडे वळलं की तीच बाभूळ पांढरी. सुरेशभाऊंचं घर या दोन्हींच्या मध्ये आहे. त्यांच्या पत्नी, मीनावहिनी, दिवसातून तीनदा ओटा पुसतात. फडकं कधी काळं निघतं, कधी राखाडी.

सुरेशभाऊ खाणीवर डंपर चालवायचे. चार वर्षांपूर्वी ब्रेकवरचा पाय त्यांना जाणवेनासा झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस असं निदान झालं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. त्या घरात मला एक गोष्ट पाहायला मिळाली. चहाचा डबा, कंगवा, देव, मोबाइलचं चार्जर, सगळं एकाच उंचीवर होतं. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या. वहिनींनी फळ्या काढून खाली ठोकून घेतल्या होत्या. आमच्याकडे आजारी माणसाला सगळे उचलून देतात, पाण्याचा तांब्यासुद्धा, आणि मग तो माणूस स्वतःहून काही घेणं विसरतो. मी हे वहिनींना सांगितलं.

"मले टाइमच नाही न उचलून द्याले," त्या म्हणाल्या. "मी अंगणवाडीत जातो. यायले भूक लागली त हात लांब कराचा."

"असं हाय पाहा," सुरेशभाऊ म्हणाले. "डंपरची केबिन करून टाकली मायावाली."

रक्त घेतलं. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये असं औषध असतं. नळी रेघेपर्यंत भरायची आणि हळूच तीन-चार वेळा उलटी-सुलटी करायची. हलवून हलवून नाही. सुरेशभाऊ ते पाहत होते. "मले एक सांग," ते म्हणाले. "चालत नाही पाय. अन् तू पाहून राह्यला रक्त गोठते का. याचा त्याचा काय संबंध?"

हा प्रश्न मला परीक्षेत येतो तेव्हा मी बरोबर लिहितो. तिथं मात्र मला आमच्या घरची सळोई आठवली. बोकड कापला की आमच्या तांड्यांत रक्त वाया घालवत नाहीत, त्याचं सळोई नावाचं कालवण करतात. रक्त परातीत धरलं की माझी आई ते हातानं ढवळत राहायची, आणि तिच्या बोटांना पांढरट चिवट धागे चिकटायचे. ते धागे म्हणजेच हे प्रथिन. मी सुरेशभाऊंना म्हटलं, हेच धागे मेंदूत उतरतात. तिथं राखण करणाऱ्या पेशी असतात. शेतात मचाणावर जागल करणारा माणूस असतो तशा. एरवी त्या नुसत्या लक्ष ठेवतात. पण हा धागा अंगाला लागला की त्यांना वाटतं, डुक्कर शिरलं. मग त्या दांडकं घेऊन सुटतात, आणि अंधारात आपल्याच तुरी झोडपतात. मज्जातंतूंवर वायरीसारखं आवरण असतं, ते त्या झोडपण्यात जातं.

सुरेशभाऊ थोडा वेळ आपल्या पायाकडे पाहत होते. "म्हणजे चोर कोणीच नोयता," ते म्हणाले. "जागल्यानंच वावर मारलं."

"मॅडमना तसं वाटतं. अजून पुरतं सिद्ध व्हायचं आहे."

"अन् सिद्ध झालं त माया पाय?"

मी खरं सांगितलं. तुमच्या पायाला याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. पुढच्या कोणाला झाला तर.

"जेऊन जा मंग," ते म्हणाले.

जेवायला वडा-भात होता, वरून फोडणीचं कडकडीत तेल. मी पहिला घास घेतला आणि फोन वाजला. कविताचा नवरा, सुधाकर.

इथं मला सगळं नीट लिहायला पाहिजे.

कविता माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. आम्ही एकाच समाजाचे, तांडे वेगळे. आमच्या गोरबोलीत मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी तिला बाई म्हणतो, आणि सुधाकर मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही पाय महिनाभर गेले होते, मग आले. डॉक्टरांनी सुरेशभाऊंचाच आजार असावा असं लिहिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी, ती बरी असताना, मी तिचं रक्त आणलं होतं. तेव्हा मी त्यांना आमचा कागद वाचून दाखवला होता. त्यात लिहिलं होतं की नवीन झटका आला तर आम्हाला कळवा.

सुधाकर तेच करत होता. म्हणाला, "भिया, सकायपासून तिले उजव्या डोयानं धुरकट दिसून राह्यलं. पाय जड झाले. उमरखेडच्या डाक्टरनं चिठ्ठी देल्ली. आजच यवतमायले जा, भरती व्हा, पाच दिवस सुया लागतीन म्हणे. तू म्हणला होता पहिले फोन करजा, म्हणून केला."

आमच्याकडे एकाच माणसाचं शांत काळातलं आणि झटक्यातलं रक्त, अशी जोडी एकही नव्हती. सुया म्हणजे स्टेरॉइड. ते सुरू झालं की रक्तातलं चित्र बदलतं. हे मला त्या क्षणी सुचलं. दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "सुया सुरू व्हायच्या आधीचं रक्त पाहिजे. मी राजूरला आहे. उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचतो."

तो म्हणाला, "बरं."

थांबा, असं मी म्हणालो नाही. जा, असंही म्हणालो नाही. मॅडमना फोन केला नाही. वडा-भात संपवला, आणि वहिनींनी विचारलं तर सांगितलं, "चांगली बातमी आहे, एक महत्त्वाचा नमुना मिळणार आहे." हे शब्द मी वापरले.

परत यवतमाळ, आणि पुढे

सुरेशभाऊंचं रक्त वणीच्या एका लॅबमध्ये फिरवून घेतलं. यंत्रात फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर गव्हाळ पाणी राहतं. आम्हाला तेच लागतं. मुक्काम वणीतच केला. सकाळच्या पहिल्या गाडीनं मारेगाव, करंजी करत यवतमाळला आलो. साग निष्पर्ण उभा होता. पळस एखाददुसरा.

यवतमाळच्या स्टँडवर दहाच्या सुमारास उतरलो. तिथून मोठं सरकारी हॉस्पिटल ऑटोनं दहा मिनिटांवर आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. कविताला त्याच हॉस्पिटलमध्ये यायचं होतं. ती आदल्या दिवशीच निघून आली असती आणि मी वणीत मुक्काम न करता संध्याकाळच्या गाडीनं परत फिरलो असतो, तर मी तिथं वॉर्डात जाऊन, पहिल्या सुईच्या पाच मिनिटं आधी, तिचं रक्त घेऊ शकलो असतो. मला एक फोन करायचा होता, एक गाडी पकडायची होती आणि एक ऑटो. पण मी पेटी उचलून लोहाऱ्याला गेलो, राजूरचा नमुना कॉलेजच्या फ्रीजरसाठी दिला, बर्फ बदलला आणि उमरखेडच्या गाडीत बसलो. माझ्या कागदावर "गृहभेट" असं लिहिलेलं होतं.

खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. तांड्यात पेटी घेऊन उतरायचं मला आवडतं. सगळे डॉक्टर म्हणतात. मी एकदा म्हणतो की मी डॉक्टर नाही, आणि मग पुन्हा म्हणत नाही.

आर्णी, महागाव. महागावला गाडी पंक्चर झाली आणि दीड तास गेला. सगळे उतरून रसवंतीवर बसले. कंडक्टर ड्रायव्हरला म्हणत होता, "तुया हातानं कायले उचलते, पोट पाह्य तुयं," आणि ड्रायव्हर त्याला म्हणत होता, "मंग तू उचल, तिकिटं मी फाडतो." सगळे हसत होते, मीही हसलो. पेटीला हात लावून पाहिला, गार होती. मला पेटीचीच काळजी होती.

उमरखेडच्या पुढे हळदीचा वास सुरू होतो. शेताशेतांत हळद शिजवणं चाललेलं, वाफेचे लोट, आणि उघड्या जागेवर वाळत घातलेली हळकुंडं. आमच्या तांड्याकडे हळद नाही. ढाणकीला बाजाराचा दिवस होता. पोत्यांनी रस्ता अडलेला. तिथून सुधाकरच्या मावसभावानं मोटरसायकलवर नेलं. त्यानं सगळ्या रस्त्यात एकच वाक्य दोनदा म्हटलं, "सारे तुयीच वाट पाहून राह्यले."

तांडा

चार वाजले होते. घरासमोर वीसेक माणसं असतील. खाटेवर नायकबापू बसले होते. तांड्याचा नायक म्हणजे जुन्या काळी बैलांच्या पाठीवर माल घेऊन चालणाऱ्या सगळ्या कुटुंबांचा मुखिया. आता माल नाही, बैल नाहीत, शेती आहे. पण लग्न जमवायचं, भांडण मिटवायचं, आजारी माणूस कुठं न्यायचा, हे अजून नायकाला विचारून होतं. आमच्याकडेही तसंच. बापू सत्तरीच्या पुढचे, पांढरं धोतर, कानात बाळी.

"बेस," ते गोरबोलीत म्हणाले, म्हणजे बस. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत, "जीप काल दुपारीच लावली होती दाराशी. मी म्हणलं, थांबा. आपला पोरगा येऊन राह्यला. डाक्टर लोक आपल्यासंगं बोलत नाही, चिठ्ठी लेहतात. हा आपला हाय, शिकेल हाय. हा म्हणते रक्त सुईच्या पहिले पायजे, त काही कारण असन."

जीप तिथंच होती. चाकांखाली विटा लावलेल्या.

मी आत गेलो. कविता भिंतीला टेकून बसली होती, सासू पाय चोळत होती. मी म्हणालो, "बाई, कसं आहे?"

"कोण, अरविंद काय?" तिनं मान वळवून मला डाव्या डोळ्यासमोर घेतलं. "उजवा त गेला रे. काल निदान खिडकी दिसत होती."

मी मोबाइलचा उजेड तिच्या उजव्या डोळ्यासमोर धरला. दिसतो का, विचारलं. "कशाचा?" ती म्हणाली.

मी उजेड बंद केला. तरी मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे, की त्या क्षणी मी का बांधला. कारण त्यासाठीच ती थांबली होती, असं काहीतरी मला वाटलं असावं. रक्त न घेताच पाठवलं तर थांबणं फुकट गेलं असतं. शीर पहिल्याच सुईत मिळाली. नळी रेघेपर्यंत भरली. मी ती हळूच उलटी-सुलटी केली, चार वेळा. इतका चांगला नमुना मी आजवर घेतलेला नाही.

सासूनं विचारलं, "हिचा डोया येईन न, बेटा?" मी म्हणालो, "लगेच निघा. आता लगेच." आवाज चढला असावा, कारण ओट्यावरची माणसं उठून दाराशी आली.

सुधाकरनं तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. याडी, म्हणजे सुधाकरची आई, मागे बसली. मागच्या सीटवर आणखी एका माणसाची जागा होती. पण रक्त चार तासांच्या आत फिरवायचं होतं आणि यंत्र ढाणकीच्या एका लॅबमध्ये होतं, जीपबरोबर यवतमाळपर्यंत जाता येणार नव्हतं, म्हणून मी बसलो नाही. जीप गेली. नायकबापू मला म्हणाले, "काम झालं न तुयं?" त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

एका घरातून माझ्यासाठी बाटी आणि लसणाची चटणी आली. बाटी म्हणजे आमची ज्वारीची भाकर. ती मी खाल्ली नाही, आणि ज्या बाईनं आणली तिला वाटलं की मी आता आमचं खात नाही. "शयरातली सवय लागली," ती शेजारणीला म्हणाली.

यवतमाळ

कविताला पहिली सुई त्या रात्री लागली. पाच दिवस लागल्या. पाय आले. तिसऱ्या दिवशी ती धरून उभी राहिली. उजवा डोळा आला नाही.

मी परतल्यावर सकाळी मॅडमकडे गेलो आणि फोनपासून सगळं सांगितलं. मॅडमचे वडील प्राध्यापक होते, आजोबा वकील. त्यांच्या घरात मी चहाचा कप कुठं ठेवायचा याचा अजून विचार करतो. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"कागदावर ते कळवा म्हणून मीच लिहिलं," त्या म्हणाल्या. "उपचार थांबवू नका, हे वाक्य त्याच्याखाली नव्हतं. ते मी लिहायला हवं होतं. आणि तू मला फोन करायला हवा होतास."

"हो मॅडम."

"तू तिला थांबायला सांगितलंस का?"

"नाही. पण मी सांगितलं तर ते थांबतील, हे मला माहीत होतं. मी त्यांच्यातला आहे."

मॅडमनी त्याच दिवशी समितीला पत्र लिहिलं. समितीच्या परवानगीशिवाय माणसांवरचं असं कुठलंही काम होत नाही. काम तूर्त थांबलं. कविताचा तो नमुना मोजणीत घेणार नाहीत असं ठरलं.

आठ दिवसांनी नागपूरहून रिपोर्ट आला. कविताचा आजार सुरेशभाऊंचा नव्हता. त्याच्या जवळचा दुसरा निघाला, एनएमओ म्हणतात तो. डोळ्याच्या नसेवर आणि मणक्यावर येतो. त्यातही रक्तवाहिन्या झिरपतात, त्यातही राखणदार बिथरतात. फरक हा की या आजारात उपचाराच्या उशिराचा एकेक दिवस मोजतात. डॉक्टरांना मी विचारलं, ती आदल्या दिवशी आली असती तर? ते खाली बघून केसपेपर लिहीत होते. "सांगता येत नाही," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण मी असतो तर थांबवलं नसतं."

मी वॉर्डात गेलो. रिपोर्टसाठी तिला अजून सोडलं नव्हतं. दुपार होती. कविता कॉटवर बसून संत्रं सोलत होती, सालीचा तुकडा हातानं चाचपून. सुधाकर शेजारी. मी उभ्यानंच सांगितलं. तुम्हाला थांबायची गरज नव्हती. मी इथंच, या कॉटपाशी, रक्त घेऊ शकलो असतो. मला ते सुचलं नाही. फोनवर मी आधी यवतमाळला जा म्हणायला हवं होतं.

सुधाकर उठून खिडकीपाशी गेला.

कवितानं विचारलं, "डाक्टरनं म्हणलं असं, का तू म्हणून राह्यला?"

"दोघंही."

"अन् त्या रक्ताचं काय निघालं?"

"ते मोजणीत घेणार नाहीत, बाई. नियमात बसत नाही."

तिनं संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिली. "म्हणजे डोयाबी गेला अन् रक्तबी गेलं," ती म्हणाली. "निदान ते तरी ठेवाचं होतं, बाप्पा. कोणाच्या कामी आलं असतं."

मी म्हणालो, "माझ्यावर रागव तरी."

"रागवाले ताकद लागते. तुयं हलकं व्हावं म्हणून मी कायले रागवू?" मग ती म्हणाली, "एक काम कर. नायकबापूले जाऊन सांग. साऱ्यायसमोर. मी सांगीन त म्हणतीन, बाई मोठ्या माणसाले दोष देऊन राह्यली. यायनं सांगतलं त म्हणतीन, बायकोचं आयकून बोलते. तुया तोंडानं सांग. आमच्या तांड्यात अजून पोट्ट्या आहे लायन्या."

तांडा, दुसऱ्यांदा

पुढच्या रविवारी गेलो. पेटी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. हळद शिजवून झाली होती. आता मोठ्या पिंपात घालून ती घोळत होते, आणि माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. ढाणकीहून पायी गेलो.

नायकबापूंच्या ओट्यावर माणसं जमली. मी गोरबोलीत बोललो. हॉस्पिटलात जे सांगितलं तेच, सावकाश. दोनदा अडकलो. मध्ये कोणीतरी म्हणालं, आजारच तसा, नशीब. मी म्हणालो, नाही. थांबवलं ते नशिबानं नाही, मी थांबवलं.

"थांबा त मी म्हणलं," बापू म्हणाले. त्यांच्यापुढं बहुतेक सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"माझ्यामुळे म्हणालात."

एक तरुण, मोटरसायकलवरचा तोच मावसभाऊ, म्हणाला, "मंग शिकून काय फायदा झाला बे तुया?" त्याला कोणी गप्प केलं नाही.

बापूंनी हातातल्या तंबाखूला चुना लावला, मळली, आणि न खाता तशीच धरून ठेवली. "पुढच्या बारीले कोणाले इचाराचं मंग?" ते म्हणाले. "तो डाक्टर बोलत नाही. तू बोलते, पण तुले तुयं काम असते."

"आजाराचं विचारू नका मला. १०८ ला लावा, गाडी येते. हॉस्पिटलचा नंबर मी देतो. गाडी निघाली की मग मला सांगा. मी तिथं भेटतो, डॉक्टर बोलत नसेल तर मी विचारतो त्याला. तेवढं मी करीन."

"लेहून दे."

ते मला आत घेऊन गेले. दाराच्या मागच्या फळीवर रंगीत खडूनं नंबर लिहिले होते. वायरमन, जीपवाला, मास्तर, ढाणकीचं दुकान. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, माझं नाव होतं, आणि त्यापुढे "डाक्टर". मी आधी तो शब्द पुसला. मग १०८ लिहायला जागा शोधू लागलो. खाली गुडघ्याजवळ थोडी रिकामी फळी होती. मी तिथं वाकलो.

"तिथं नोको," मागून बापू म्हणाले. "वरतं लेह. तुयंवालं पूस, अन् खालतं घे."

मी पंज्यानं माझं नाव पुसलं. त्या जागी १०८ आणि हॉस्पिटलचे नंबर लिहिले, मोठे, दोन्ही बाजूंनी रेघ मारून. मग जमिनीवर बसलो आणि दुकानाच्या खाली माझा नंबर लिहिला. बापूंनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचून खात्री केली. वरपासून सुरुवात केली, आणि माझ्यापर्यंत आले तेव्हा थांबले नाहीत, तोही वाचला.